राहीच्या गळ्यातले माणिक

फार पूर्वीच्या काळी एका राज्याच्या पार टोकाला एक डोंगर होता. लोक त्याला सहाजणींचा डोंगर म्हणत. डोंगराच्या पोटात रत्नांची खाण होती आणि पायथ्याशी खाणकऱ्यांचे गाव. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून थोडे गप्प बसावे, अशी ही गोष्ट त्या गावात घडली.

डोंगराला ते नाव कसे पडले, हे गावातले म्हातारे सांगत. सहा ऋतू म्हणजे सहा सख्ख्या बहिणी. पण एक निघून गेल्याशिवाय दुसरीने यायचे नाही असा नियम, त्यामुळे सहाजणींची एकत्र भेट कधी झालीच नव्हती. एकदा मात्र त्या सगळ्या मिळून माहेरी निघाल्या आणि वाटेत या डोंगरावर टेकल्या. पोटभर बोलल्या, हसल्या, थोड्या भांडल्यासुद्धा. उठताना भेटीची आठवण म्हणून प्रत्येकीने अंगावरचा एकेक खडा तिथे ठेवला. वासंतीने पाचू ठेवला, ग्रीष्माने माणिक, वर्षाने नीलम, शरदाने स्फटिक, हेमंतीने पुष्कराज आणि धाकट्या शिशिराने मधाच्या रंगाचा गोमेद. डोंगराने ते खडे गिळले आणि पोटात वाढवले.

म्हणून त्या गावात मूल जन्मले की त्याच्या ऋतूचा खडा दोऱ्यात ओवून गळ्यात बांधत. आणि खडा बांधला की मुलाचे पुढचे आयुष्यही त्याच दोऱ्याला बांधले जाई.

पाचू कोवळ्या पानासारखा, तेव्हा पाचूच्या माणसाने जखमा बांधायच्या, औषधे द्यायची. नीलम पावसाच्या ढगासारखा. ढग बरसताना कुणाचे शेत आहे ते बघत नाही, म्हणून नीलमाच्या माणसाने तंटे सोडवायचे. स्फटिकाच्या माणसाने गावाच्या वतीने व्यापाऱ्यांशी बोलायचे, कारण त्याच्या आरपार दिसते. पुष्कराज शिकवणाऱ्याचा आणि गोमेद धान्याची कोठारे राखणाऱ्याचा.

आणि माणिक निखाऱ्यासारखे. ते धीटाचे. माणकाच्या माणसाने रोज सकाळी सगळ्यांच्या आधी खाणीत शिरायचे, छताला काठी मारत मारत शेवटापर्यंत जायचे, आणि छत भक्कम आहे असे बघून परत यायचे. मग बाकीचे आत जात. कधी कधी माणकाचा माणूस परत येत नसे.

त्यामुळे उन्हाळ्यात कुणाकडे पाळणा हलला, की बायका बारशाला यायच्या खऱ्या, पण पाळणा म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली जायचा.

गावात आवडाबाई नावाची एक सुईण होती. एकटीच राहत असे. गावातले जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मले होते. मूल कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी झाले, हे ती गावच्या नाईकाला सांगे. नाईक पेटीतून खडा काढून देई आणि तो बाळाच्या गळ्यात आवडाबाईच बांधे. तिच्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

एका वर्षी ग्रीष्माच्या शेवटच्या दिवशी दोन बायका अडल्या होत्या. त्या दिवशी सूर्य डोक्यावर आला की ग्रीष्म संपला आणि वर्षा सुरू झाली, असे गाव मानी. गाव सगळे खाणीत होते. आवडाबाई सकाळी आधी चिमाबाईच्या घरी गेली.

चिमाबाईचा नवरा माणकाचा होता. तो काही महिन्यांपूर्वीच खाणीत गेला तो गेलाच. थोरला मुलगाही माणकाचा. तोही तसाच गेला. आता तिला दुसरा मुलगा झाला, आणि सूर्य डोक्यावर यायला अजून बराच वेळ होता.

चिमाबाईने बाळाचे तोंडसुद्धा बघितले नाही. तिने बाजेवरून वाकून आवडाबाईचे पाय धरले.

"आवडाबाय, हा उशिरा झाला म्हणून सांग. दुपार टळल्यावर झाला म्हणून सांग. एवढं एक मूल मला राहू दे."

"असं कसं सांगू, चिमे? आजवर कधी खोटं बोलले नाही मी."

"दोन दिलेत मी त्या डोंगराला. तिसरा नको मागूस."

आवडाबाई उठली आणि दुसऱ्या घरी गेली. तिथे एक परगावची बाई होती. ओढ्यावर खडी धुवायचे काम करायची. तिचा नवरा चार महिन्यांपूर्वी तापाने गेला होता. उन्हे कलल्यावर तिला मुलगी झाली, आणि मुलीचा पहिला आवाज ऐकून थोड्याच वेळात ती बाई गेली. त्या घरात रडायला दुसरे कुणीच नव्हते.

आवडाबाई त्या मुलीला हातावर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. मग उठून नाईकाकडे गेली. सकाळी एका बाळाचे रडणे नाईकाने ऐकलेच होते, म्हणजे एक माणिक कुणाच्या तरी गळ्यात जाणारच होते.

"दोन मुलं झाली," ती म्हणाली. "परगावच्या बाईची मुलगी सकाळी झाली. चिमाबाईचा मुलगा दुपार टळल्यावर."

नाईकाने एक माणिक आणि एक नीलम काढून दिला. आवडाबाईने नीलम चिमाबाईच्या मुलाच्या गळ्यात बांधला आणि माणिक त्या पोरक्या मुलीच्या. मुलीच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते, म्हणून ते सोपे गेले. दोरा बांधताना मात्र तिच्या हातून गाठ बसेना.

संध्याकाळपर्यंत मुलीला न्यायला कुणी आले नाही. तेव्हा आवडाबाईने तिला पदरात घेतले आणि आपल्या घरी आणले. तिचे नाव ठेवले राही. चिमाबाईच्या मुलाचे नाव सुभान.

दोन्ही मुले वाढली.

सुभान लहानपणी तापट होता. खेळात भांडण झाले की आधी गुद्दा आणि मग बोलणे. पण तो हात उचलायला गेला, की जवळचा मोठा माणूस त्याच्या गळ्याकडे बोट दाखवी. "अरे, तू नीलमाचा ना? नीलमाच्या माणसाने आधी दोन्ही बाजू ऐकायच्या." सुभान ओठ चावून मूठ खाली घेई. असे शेकडो वेळा झाल्यावर त्याला ऐकायची सवय लागली, आणि पंचविशीतच तो असा निवाडा देऊ लागला, की हरलेला माणूसही त्याच्याकडे रागाने बघत नसे.

राहीचे वेगळे होते. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा नाईकाने तिच्या हातात लांब काठी दिली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी खाणीत सगळ्यांच्या आधी शिरू लागली. काठीने छत ठोकायचे. दगड खणखणीत वाजला तर भक्कम. बद्द वाजला तर त्याच्या मागे पोकळी, म्हणजे तो आज ना उद्या खाली येणार. राहीचे कान इतके तयार झाले, की दहा पावलांवरून वाळूचा एक कण घसरला तरी तिला कळे. तिच्या पाळीत कुणी जखमी झाले नाही. गाव म्हणायचे, माणिक असावे तर असे.

पण रोज सकाळी निघताना तिचे हात थरथरत. तिला ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते. दिसायचे ते फक्त आवडाबाईला.

"आई," ती एकदा म्हणाली, "माणकाच्या माणसाला भीती वाटत नाही म्हणतात. मला रोज वाटते. बारा वर्षं झाली, एक दिवस असा गेला नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

आवडाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही गं. खोट नाही," एवढेच ती म्हणाली. त्या दिवशीची भाकरी करपली.

मग त्याच वर्षी राजाच्या घरी लग्न निघाले आणि माणकांची मागणी आली. माणके खाणीच्या डाव्या फाट्यात होती. राहीने तिथले छत ठोकून पाहिले आणि बाहेर येऊन मान हलवली.

"आज नको. दगड बद्द वाजतोय."

नाईक थांबला. दुसऱ्या दिवशी राही तेच म्हणाली, नाईक पुन्हा थांबला. तिसऱ्या दिवशी राजाचा माणूस दारात येऊन बसला. तेव्हा नाईकाने राहीला विचारलेच नाही. माणकाचा दुसरा एक म्हातारा गडी होता, त्याला कमी ऐकू येई. त्याला पुढे घालून नाईकाने आठजणांना डाव्या फाट्यात पाठवले.

सकाळ सरायच्या आत डोंगर एकदाच गुरगुरला. खाणीच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला. तो खाली बसला तेव्हा डाव्या फाट्याची वाट बंद झालेली होती.

सगळे गाव धावत आले. कुणीतरी पडलेल्या दगडांना कान लावला. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. नऊ ठोके, मग थोडी शांतता, आणि पुन्हा नऊ. नऊच्या नऊ जण जिवंत होते.

त्यांच्यापर्यंत पोचायला दुसरी एकच वाट होती. कडेला एक जुने, अरुंद भुयार होते, कित्येक वर्षे कुणी न वापरलेले. त्यात आधी कुणीतरी शिरून छत बघायचे, बघत बघत टेकूचे खांब लावायचे आणि शेवटची भिंत फोडायची. नाईकाने राहीकडे पाहिले. सगळ्यांनीच राहीकडे पाहिले.

राही भुयाराच्या तोंडाशी गेली. आतून वाळू झरत होती. तिने काठी उचलली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिची थरथर सगळ्या गावाला दिसली. काठीचे टोक दगडावर टकटक वाजत होते.

तो आवाज आवडाबाईला सोसला नाही.

"राही, थांब!" ती गर्दीतून पुढे आली. "तू जाऊ नकोस. ते माणिक तुझं नाही."

"आई, आता हे काय काढलंस?"

"तुझं नाही गं. तू दुपार टळल्यावर जन्मलीस. सकाळी जन्मला तो सुभान. मी खोटं सांगितलं. त्याची आई माझे पाय धरून रडली, आणि तुझ्यासाठी रडायला कुणी नव्हतं. म्हणून मी त्याचा खडा तुझ्या गळ्यात बांधला."

मग चिमाबाई ओरडली, "हिचं ऐकू नका! म्हातारपणाने डोकं फिरलंय हिचं!" आणि तिने सुभानचा दंड घट्ट धरला.

सुभानने तिचा हात सोडवला नाही. निवाड्याला बसल्यावर तो ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात त्याने विचारले, "आई, माझ्याकडे बघून सांग. मी कधी जन्मलो?"

चिमाबाईने त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला. तिला बघवले नाही. तिची बोटे सैल पडली आणि ती तिथेच खाली बसली.

राही आवडाबाईकडे बघत होती.

"माझं कुणी नव्हतं म्हणून?" तिने हळू आवाजात विचारले. "तेवढ्यासाठीच?"

"तेवढ्यासाठीच," आवडाबाई म्हणाली. "जन्मल्यापासून संध्याकाळपर्यंत तुझं कुणी नव्हतं. संध्याकाळी मी झाले. पण तोवर गाठ बांधून झाली होती."

"आणि नंतर? बारा वर्षं मी रोज तुझ्यासमोरून आत जाते आहे."

आवडाबाई तशीच तिच्या वाटेत उभी राहिली.

राहीच्या मनात राग होता, तो सगळ्यांना दिसला. पण रागाच्या खालून आणखी काहीतरी वर येत होते, आणि ते तिला स्वतःलाही नवे होते. ती हसली.

"म्हणजे माझ्या भीतीत खोट नव्हती," ती म्हणाली. "मी माणकाची नव्हतेच. मला भीती वाटायचीच. आणि तरीसुद्धा मी रोज जात होते."

आतून पुन्हा नऊ ठोके आले. आता ते जरा हळू होते.

नाईक घसा खाकरून म्हणाला, "रीत ती रीत. माणिक ज्याचं त्याने जायला हवं. सुभान, तू पुढे हो."

सुभानने अंगावरचे उपरणे काढून ठेवले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो जन्मात खाणीत शिरला नव्हता. "हा निवाडा मलाही मान्य आहे," तो म्हणाला. "माझ्या वाटणीची भीती इतकी वर्षं हिने भोगली. आता माझी पाळी." त्याने राहीच्या हातातली काठी घेतली, भुयाराच्या तोंडात वाकला आणि छताला काठी मारली.

"आवाज कसा आला?" राहीने मागून विचारले.

"बरा आला."

"बद्द आला. आणखी एक पाऊल टाकलं असतंस तर तू मेला असतास, आणि तुझ्यामागून आतले नऊ."

सुभान होता तिथेच थांबला.

राहीने गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. माणिक सुभानच्या तळहातावर ठेवले.

"हे तुझं, ते तू घे," ती म्हणाली. "काठी माझी आहे, ती मला दे."

"राही, तुला जायचं कारण नाही आता," सुभान म्हणाला. "तुला कुणी पाठवू शकत नाही."

"म्हणूनच जाते. आजवर खडा पाठवायचा, म्हणून जायचे. आतल्या लोकांना मी ओळखते. त्यांना बाहेर कसं आणायचं ते मला येतं. तू येणार असशील तर टेकूचे खांब घेऊन माझ्या मागे ये. मी पाऊल ठेवीन तिथेच पाऊल ठेव. आणि बोलू नकोस, मला ऐकायचं असतं."

ती आत शिरली. तिचे हात तेव्हाही थरथरत होते. या वेळी ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

भुयार इतके अरुंद होते की काही ठिकाणी पोटावर सरकावे लागले. राही छत ठोकी, कान देई, आणि बोटाने जागा दाखवी. सुभान तिथे खांब उभा करी आणि पाचर ठोकी. एकदा त्याने विचार न करता पुढे हात टाकला, तर तिने तो मनगटाला धरून मागे ओढला. लगेच त्या जागी टोपलीएवढा दगड पडला. सुभानला रडू आले, पण त्याने आवाज केला नाही. ऐकणे त्याला आयुष्यभराच्या सवयीने येत होते, आणि त्या भुयारात तेच सगळ्यात उपयोगी पडले. दुपारनंतर त्यालाही खणखणीत आणि बद्द यांतला फरक ओळखू येऊ लागला.

उन्हे उतरायच्या आत भिंत फुटली. पहिला बाहेर आला तो कमी ऐकू येणारा म्हातारा, सगळ्यात शेवटी सुभान आणि राही. एकाचा पाय मोडला होता. पाचूच्या लोकांनी तो तिथल्या तिथे बांधला. बाकी सगळे धड होते, नुसते धुळीने माखलेले आणि तहानलेले.

दुसऱ्या दिवशी वडाच्या पारावर गाव जमले. आवडाबाई स्वतःच येऊन मधोमध उभी राहिली.

"माझा निवाडा करा," ती म्हणाली.

सगळ्यांनी सुभानकडे पाहिले. त्याने हात जोडले. "या गुन्ह्याचा फायदा मला मिळाला आहे. याचा निवाडा मी करू शकत नाही. राहीने करावा."

राहीने तिच्याकडे पाहिले. आवडाबाईचे पिकलेले केस वाऱ्याने उडत होते.

"आत्ता माझ्या मनात राग आहे," राही म्हणाली. "रागात मी निवाडा देणार नाही. तिचं आणि माझं काय ते आमच्या घरात होईल. पण मला गावाला एक विचारायचं आहे. आईने खडे बदलले हे चूक झालं. तिने ते बदलले नसते तर? मग सुभान बारा वर्षं थरथरत आत गेला असता आणि आपण सगळे म्हणालो असतो, सगळं रीतीप्रमाणे चाललंय. चिमाबाईचे दोघे गेले, तेही रीतीप्रमाणेच गेले ना?"

चिमाबाई पदराने तोंड झाकून रडू लागली.

नाईक चाचरत म्हणाला, "मग खडे बांधायचेच नाहीत की काय?"

"बांधा," राही म्हणाली. "सुंदर आहेत ते. सहाजणींनी आठवण म्हणून ठेवलेत, आठवण म्हणून बांधा. पण खाणीत आधी कोणी जायचं, ते खड्याला विचारू नका. ज्यांना खाणीतलं हवं आहे, त्या सगळ्यांनी छत ऐकायला शिकावं. मग पाळी लावा."

सुभान उभा राहिला. "हा निवाडा मात्र मी देऊ शकतो," तो म्हणाला. "पाळी सगळ्यांची. सुरुवात त्याच्यापासून, ज्याने काल राहीचं न ऐकता माणसं आत पाठवली."

नाईकाने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. खाणीच्या तोंडाशी बसून हुकूम देणाऱ्याला आतला आवाज ऐकू येत नाही, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी घेऊन आला. राही त्याच्याबरोबर आत गेली. अर्ध्या घटकेने नाईक बाहेर आला, घामाने निथळलेला, आणि दगडावर बसून म्हणाला, "उजवीकडे तिसऱ्या खांबाजवळ बद्द वाजतंय. आज कुणी जायचं नाही. राजाला वाट बघू दे."

राही त्या दिवसापासून सगळ्यांना शिकवू लागली. पाचूचे आले, पुष्कराजाचे आले, कोठारे राखणारे गोमेदाचे आले. सुभानही पाळीला आपला दिवस चुकवीत नसे.

घरात मात्र ती आवडाबाईशी बोलत नव्हती. सगळा पावसाळा तसाच गेला. आवडाबाई रोज दोन पाने वाढी. राही मुकाट्याने जेवून उठे. आवडाबाईने एकदाही क्षमा मागण्याचा हट्ट केला नाही. तिने एवढेच केले, की ती प्रत्येक नव्या बाळंतिणीकडे जाताना आता शेजारची एक बाई साक्षीला बरोबर नेई, आणि मूल झाले की वेळ आधी तिला सांगायला लावी.

शरदातल्या एका सकाळी राही खाणीवरून परतली, हातपाय धुऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, आणखी एक भाकरी वाढ. भूक लागली आहे."

आवडाबाईने भाकरी वाढली. दोघी जेवल्या. त्या दोघींमध्ये याहून जास्त काही बोलणे झाल्याचे कुणी ऐकले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या गावात एक तरुण जवाहिऱ्या आला. लांबच्या शहरात त्याची पेढी होती. लोक त्याच्याकडे येऊन विचारत, कोणता खडा घातला म्हणजे काय मिळते. त्याला वाटले, जिथे खडे निघतात तिथेच जाऊन विचारावे. लोकांनी त्याला राहीकडे पाठवले. तिचे केस तेव्हा पांढरे होऊ लागले होते.

"बाई," त्याने विचारले, "माणिक घातलं की भीती जाते म्हणतात. खरं आहे का ते? लोकांना मी काय सांगू?"

राहीने थोडा विचार केला.

"मी अठ्ठावीस वर्षं माणिक घातलं आणि त्यानंतर तीस वर्षं घातलं नाही," ती म्हणाली. "भीती तेवढीच होती. कामही तेवढंच झालं. माणिक चांगलं दिसतं, एवढं सांग त्यांना. आणि कुणाला धीर हवा असेल तर त्याला म्हणावं, जे करायची भीती वाटते ते थोडं थोडं, नीट शिकून, रोज कर."

"हे ऐकून कोण खडा विकत घेणार?"

"ज्याला सुंदर वस्तू आवडते तो घेईल," राही म्हणाली, आणि तिची पाळी होती म्हणून उठून खाणीकडे गेली.

त्या डोंगरात त्यानंतरही छत कधी कधी कोसळले, कारण डोंगर आपल्या मर्जीने वागतो. पण ते कोसळायच्या आधी कुणाच्या ना कुणाच्या कानाला कळले, आणि माणसे वेळीच बाहेर आली. राही असेपर्यंत आणि तिच्या मागेही कितीतरी वर्षे त्या खाणीने एकही जीव घेतला नाही.

तात्पर्य: रत्न जन्माबरोबर गळ्यात पडते, गुण मात्र रोजच्या वागण्यातून ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.